गुरम्माची गाण्याची पेटी

देगलूरच्या बसस्टँडासमोर गुरम्माचं हॉटेल होतं आणि त्याच्या ओसरीवर चांगुणाचं टेबल. चांगुणा शिलाई मशीन दुरुस्त करायची. हे काम तिच्या नवऱ्याचं. तो अचानक गेला, तेव्हा किरायाचं दुकान सुटलं. बाईच्या हाती मशीन द्यायला गिऱ्हाइकं कचरत होती. अशात गुरम्मानं हाक मारली, "इकडं बस गं. ओसरी रिकामीच हाय."

बस, एवढंच. त्या ओसरीवर चांगुणाचा संसार सावरला. लेक बुद्धप्रिया तिथंच पुस्तकं पसरून शिकली, आज लातूरला नर्स आहे. चांगुणाला मात्र गुरम्माचे आभार मानणं कधी जमलं नाही. ओठावर आलेलं चहासोबत गिळून टाकायची.

यंदा रस्ता रुंद होणार म्हणून हॉटेल पाडायचं ठरलं. सामान निघालं, तशी कोपऱ्यातली गाण्याची पेटी उघडी पडली. गुरम्माचे यजमान विरूपाक्ष यांनी ती हैदराबादच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणली होती. उंच, काचेची, आत तबकड्यांची रांग. एकेकाळी एसटीचे ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवून तिच्यात नाणं टाकायचे. यजमान गेले त्याच साली ती मुकी झाली होती.

भंगारवाला दारात आला, तेव्हा गुरम्मा पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

"अव्वा, आठ दिवस थांबव त्याला," चांगुणा म्हणाली. "मी बघते."

"तुला गाण्याचं काय कळतं?"

"गाण्याचं न्हाई कळत. आत चाकं हायेत, पट्टा हाय, ते कळतं."

मागची फळी काढली तर झुरळांचं घर. वंगण गुळासारखं घट्ट झालेलं. पट्टा तुटलेला, शिलाई मशीनच्या मोटरचा तिथं नेमका बसला. आवाजाचं काम रेडिओवाल्या बालाजीनं केलं, सुई नांदेडहून आली. तरी पेटी बोलेना. नाणं टाकलं की खालच्या खिडकीतून खळ्ळकन बाहेर!

चांगुणा बॅटरी घेऊन नाणं कुठून कसं जातं ते बघत बसली. नाणं आधी एका इवल्या पाळण्यात पडायचं. वजनाला कमी असलं तर पाळणा झुकायचाच नाही, नाणं परत बाहेर. पुढं चुंबक होता. लोखंडाचं नाणं तो वाटेत ओढून खालच्या खिडकीकडं वळवायचा. दोन्हीतून सुटलेलं खरं नाणंच खाली घरंगळून एका बारीक तारेवर पडणार, तार दबली की बटणांत वीज येणार.

"अव्वा, पेटी शहाणी हाय," ती हसत म्हणाली. "आताची नाणी तिला ओळखूच येईनात. जुनं चार आण्याचं हाय का कुठं?"

गुरम्मानं देवघरातला डबा उपडा केला. हळदीकुंकवानं माखलेलं एक नाणं निघालं. चांगुणानं ते पुसलं, वाकलेली तार चिमट्यानं सरळ केली आणि नाणं गुरम्माच्याच हातात दिलं.

खट् झालं. बटणं उजळली. गुरम्मानं एक दाबलं. तबकड्या उचलणारी आतली इवली गाडी रुळावरून सरकत गेली, नेमक्या तबकडीपाशी थांबली, तिनं ती अलगद उचलून उभी केली. सुई टेकली. आधी खरखर, मग सनई.

गुरम्मा बाकावर बसली. आठ दिवसांनी परत आलेला भंगारवालाही पायरीवर टेकला.

"अव्वा," चांगुणा तिच्याशेजारी बसत म्हणाली. "तू ओसरी दिली नसती तर मी न् माझी लेक..."

"अगं, खुळी का काय!" गुरम्मानं पदरानं डोळे पुसले. "तुझ्यासाठी न्हाई बोलावलं मी. ते गेले, पेटी मुकी झाली, हॉटेल खायला उठायचं. तुझी खटखट ऐकू आली की वाटायचं, घरात कुणीतरी हाय. उपकार तुझे हायेत माझ्यावर."

चांगुणानं गुरम्माचा हात घट्ट धरला.

हॉटेल पडलं. चांगुणानं भाजीमंडईमागं एक खोली घेतली. पेटी टेम्पोनं तिथं गेली, आणि पेटीशेजारी गुरम्माची खुर्चीही. मशीन घेऊन येणाऱ्या बायकांना ती आता तेलुगू-मराठीत बजावते, "बसा जरा. आमची चांगुणा घाईत काम करत न्हाई."