पाठ फिरवून उभी राहिलेली आई

नर्सनं आईच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी गावातल्या शाळेत जाऊन पोचले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या तरुण मंडळाचं पहिलंच रक्तदान शिबिर होतं. चौकातल्या फळ्यावर आठवडाभर लिहिलेलं, तरी मंडळाची पोरं व्हरांड्यातच भिंतीला टेकून उभी. रक्त दिलं की माणूस वाळत जातो, असं गावभर पसरलेलं. डॉक्टर सामान आवरायला लागले, तशी मीच बाकावर आडवी झाले. सुई टोचणार, तेवढ्यात आई आत घुसली आणि माझा दुसरा हात धरून ओढायला लागली.

"ऊठ म्हनलं की! लगीन ठरायचं हाय आजून. वाळलेली पोरगी कोन करून घेनार?"

खिडकीत पोरांची डोकी गोळा झाली. मी बाकाची कड घट्ट धरली.

"मी देणार, आई."

तिनं हात सोडला. पिशवी भरेपर्यंत ती दारात पाठ फिरवून उभी होती. तेव्हा मला तो राग वाटला. आता वाटतं, तिला बघवत नव्हतं.

आज आईला रक्त चढत होतं. ती बराच वेळ वर टांगलेल्या पिशवीकडं बघत राहिली.

"ह्ये ज्येनं दिलं," ती हळूच म्हणाली, "त्येला आईनं आडवलं न्हाय व्हय गं?"