सावलीतला भाता

पुतळाबाईची आठवण झाली की मला आधी तिचा उजवा हात दिसतो. लालबागेत आमचं घर तिच्या घराच्या अगदी समोर. तिचा नवरा विठोबा लोहार कोयते घडवायचा आणि नाव त्याचं व्हायचं. भट्टीचा जाळ राखायची मात्र ती. भात्याची दोरी अशा तालात ओढायची की निखारा भडकायचा नाही आणि मलूलही पडायचा नाही. माहीमच्या, शीव कोळीवाड्याच्या कोळणी एवढ्या लांबून तिच्या दारात यायच्या, कारण विठोबाच्या कोयत्याची धार लवकर जात नाही असा बोलबाला होता. त्यात अर्धा वाटा भात्याचा आहे, हे कुणी बोलून दाखवत नसे. भात्याला कोण मोजतो!

मुंबईत प्लेग यायच्या दोनेक वर्षं आधी विठोबा आणि त्याचा धाकटा भाऊ दगडू डिलाईल रोडची खोली सोडून इकडे आले. घर लांबोडं, एकाच छपराखालचं. पुढच्या भागात थोरला राहायचा, मागच्या भागात धाकटा आणि त्याची बायको दुर्गा. धंदा एकत्र. भाता कुठं मांडायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्यांच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. भात्याचे दोन खांब ते पूजा करून, बुडाशी हळदकुंकू आणि नारळ घालून रोवायचे, आणि एकदा रोवले की घर उभं आहे तोवर उपटायचे नाहीत. ज्यानं भाता उपटला त्यानं कुळ उपटलं, असं मानायचे. एका छपराखाली दुसरा भाताही चालायचा नाही.

पुतळाबाईचं म्हणणं होतं, पुढच्या दाराशी मांडू. तिथं वारा मोकळा, उजेड चांगला, गिऱ्हाईक समोर. मागं विहिरीची ओल होती आणि उंदीर होते. भात्याच्या चामड्याचे ते दोन्ही वैरी. विठोबाला पटलं. दगडूला पटेना. रस्त्याची धूळ भात्यात शिरेल, तीच पुढं भट्टीत जाईल, उन्हानं चामडं तडकेल, असं एकेक तो काढत गेला. ती म्हणाली, चामड्याला तेल मी लावते, धुळीला गोणपाट टांगते. तेव्हा त्यानं सूर बदलला. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

"वयनी," तो म्हणाला, "तुम्ही दिवसभर उन्हात बसून दोरी ओढायची आणि गिरणीतल्या माणसांनी बघत जायचं, हे मला नाय बरं वाटत. आत सावली आहे. तुमच्यासाठी म्हणतोय मी."

लग्न होऊन आल्यापासून पुतळाबाईच्या उन्हाचा विचार कुणी केला नव्हता. नवऱ्यानंसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले. मग तिनंच हट्ट धरला, नवऱ्याला वळवलं आणि भाता आत, मागच्या भागात न्यायचं ठरवलं.

खांबांसाठी पहार घातली तर माती भुसभुशीत निघाली. पहिल्याच घावाला ढेकूळ बाहेर. उंदरांनी आपलं काम हलकं केलं, म्हणून ती हसली. दगडूही हसला. खड्ड्यात हळदकुंकू तिनं आपल्या हातानं घातलं.

पुढं कोयते खपत गेले, दगडूचा हात बसला, आणि एका दसऱ्यानंतर त्यानं वेगळं व्हायचं काढलं. जातीचे पंच बसले. भांडण असं झालंच नाही. दगडू अगदी नरमाईनं म्हणाला, घर तर आधीच वाटलेलं आहे, पुढचं दादाचं, मागचं माझं. आता भाता कुणाच्या जमिनीत आहे ते पंचांनीच बघावं. पंचांतले थोरले अप्पा उठून आत जाऊन आले. खांब उपटता येत नाहीत, म्हणाले. संपलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही सावलीत बसवून.

सगळे विठोबाकडे बघायला लागले. तो मान खाली घालून म्हणाला, "आत मांडायचा हट्ट हिचाच होता."

मला दगडूपेक्षा ह्या माणसाचा राग जास्त येतो. दगडूनं भाता नेला. विठोबानं त्या एका वाक्यात बायकोची सगळी वर्षं धुऊन टाकली. पुतळाबाईला त्याच वेळी ती भुसभुशीत माती आठवली. ती उठून बाहेर आली आणि आमच्या ओट्यावर येऊन बसली.

विठोबा गिरणीच्या लोहारखात्यात लागला. तिथं वारा इंजिनावर चालतो, नळीतून येतो, दोरी ओढायला बाई लागत नाही, असं त्यानं जेवता जेवता तिला सांगितलं.

इकडं दुर्गेला ताल जमेना. कोयते कधी ठिसूळ, कधी बोथट. कोळणी तोंडावर बोलायला लागल्या. शेवटी दगडू पुढच्या दाराशी आला. पुतळाबाई उंबऱ्यावर उन्हात बसली होती.

"वयनी, तुम्हीच या बसायला," तो म्हणाला. "आत सावली आहे."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "भावजी, खांबांचे ते खड्डे मला विचारायच्या आधीच खणून बुजवले होते ना?"

"जागा बघून ठेवली होती," दगडू म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरून हलली नाही. तो आत गेला. थोड्या वेळानं भाता सुरू झाला, वेडावाकडा, धाप लागल्यासारखा. प्रत्येक चुकल्या ओढीबरोबर पुतळाबाईचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर उचलला जाई. तिनं तो डाव्या हातानं धरून ठेवला आणि भाता थांबेपर्यंत सोडला नाही.