चेअरमनच्या घरातला ग्रीक म्हातारा

तेलगावजवळच्या एका गावात कल्याणराव दूध सोसायटीचे चेअरमन होते. घरही ते सोसायटीसारखंच चालवत. जेवणं झाली की विषय मांडायचा, घरच्यांनी "मंजूर" म्हणायचं, की झालं.

त्यांची सून जगदेवी माजलगावच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करत होती. अभ्यासाला जुने ग्रीक संवाद होते. एक म्हातारा भर बाजारात भल्याभल्या शहाण्यांना प्रश्न विचारून घाम फोडतो, अन् शेवटी लोक त्यालाच कोर्टात खेचतात. पाठ व्हावं म्हणून जगदेवी भाकरी थापता थापता ते सासूला सांगायची. दानम्मा चुलीपुढं बसून शहाण्यांची बाजू घ्यायची अन् रोज हरायची. "लई आगाऊ हाय मेला," म्हणायची, "उद्या पुढचं सांग."

त्या साली धरणाचा तळ उघडा पडला. गावात टँकर सुरू झाला, तोही नेमका कॉलेजच्या वेळेला. महादेवाची पूजा आटोपून, कपाळी विभूती लावून कल्याणराव जेवायला बसले, अन् हात धुतल्यावर त्यांनी विषय मांडला.

"टँकरवर माणूस पाहिजे. जगदेवीनं कॉलेज बंद करावं. मंजूर?"

तिचा नवरा मल्लिनाथ ताटाकडं बघत "मंजूर" म्हणाला. जगदेवीनं पदर सावरून सासऱ्यांकडं बघितलं.

"मामा, एक विचारू? सोसायटीवर संकट आलं तर भार कुणी उचलायचा?"

"समद्या सभासदांनी. त्यालाच तर सहकार म्हणतात," मामा खुशीत आले.

"अन् आपल्या घरात पाणी कोण कोण पितं?"

"समदेच की." बोलून गेले अन् थबकले. "हेच शिकवतात व्हय गं तिथं?"

"मला न्हाई मंजूर," दानम्मा मधेच म्हणाली.

कल्याणरावांनी वळून बघितलं. "तुला कावून न्हाई?"

"त्या म्हाताऱ्याचा निकाल लागायचाय अजून. ही घरी बसली तर मला कोण सांगल?"

मल्लिनाथ फिसकन हसला, तसं कल्याणरावांनाही हसू आवरेना. "विषय तहकूब," म्हणून ते उठले.

सकाळी जगदेवी दबकत एसटीला निघाली, तर टँकरच्या रांगेत मामा उभे, दोन्ही हातांत घागरी. मागून शेजारची सुंदरबाई म्हणाली, "चेअरमनसायेब, इथं बी बिनविरोध नंबर लागतो व्हय?"

"तूच सांग सुंदरबाई. आधी आला त्याचा नंबर आधी का न्हाई?"

"हाय की."

"मी तुझ्या आधी आलो का?"

"आलाव."

"मग घागर का पुढं सरकवतीस?"

रांगेत हशा पिकला. जगदेवी हसत तिथंच उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा कुठं ती पळत जाऊन गाडीत चढली.