भावजींचा काढा, झिंग्यांसाठी

औषधी काढ्याचं अख्खं पातेलं मी एकदा शेततळ्यात ओतलं. तेव्हा मला नातवंडं नव्हती, पण अक्कल मात्र साऱ्या कुरुंदा गावाला वाटून उरेल एवढी आहे असा माझा समज होता. पातेलं होतं आमच्या धाकट्या भावजींचं. झिंग्यांचं बाळंतिणीसारखं पथ्यपाणी करणारा असा माणूस दुसरा होणे नाही.

तळ्यातली झिंग्यांची पहिली खेप रोगानं गेली, तेव्हापासून भावजींनी हे खूळ धरलं. घरात कुणाला ताप आला तर मेडिकलची गोळी. झिंग्यांना मात्र गुळवेल, तुळस, कडुलिंब आणि वर घरची हळद. काढा आटवायचा, गाळायचा, चमच्यानं मोजून खाद्याला चोळायचा, ते खाद्य सावलीत सुकवायचं आणि तळ्यात सोडण्याआधी स्वतः चाखायचं. लग्नात पंगत बसली की भावजी मांडवामागच्या कुंपणावरची गुळवेल तोडत. खाद्याचं ताट दोरीनं पाण्यात सोडत, आणि ते रिकामं वर आलं तरच स्वतः जेवायला बसत. ही खेपही गेली तर तळं बुजवून तिथं हळदीचं पीक घ्यायचं, असं जाऊबाईंनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. काढ्याला सारं घर हसायचं. ‘भावजींचा चहा’ हे नाव मीच पाडलं होतं.

एकदा तळं माझ्यावर सोपवून ते जवळा बाजारला गेले. मी ताट वर ओढलं, तर खाद्य तसंच. काठाशी पाहिलं, तर झिंगेच झिंगे. मिशा, पाय सगळं जागच्या जागी, आत मात्र काही नाही. पुन्हा रोग आला समजून मी गळा काढला आणि त्याच दमात तो आठवड्याचा ‘चहा’ भडाभडा तळ्यात ओतला. भावजी आले, पिवळं पाणी पाहिलं आणि एक चप्पल पायात, एक वाटेत, असे मोटर चालू करायला पळाले. दिवस मावळेपर्यंत ताजं पाणी सोडत राहिले. मधेच एवढंच म्हणाले, की झिंगे वाढताना कात टाकतात, तेव्हा जेवत नाहीत, आणि मी रडले ती नुसत्या सालांसाठी. जाऊबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मला मात्र अन्न गेलं नाही. माझ्यापायी आता तळं बुजणार होतं.

सकाळी भावजींनी ताट वर ओढलं. लख्ख रिकामं. मी माफी मागायला गेले, तर ते रिकामं पातेलं घासत बसले होते. मान वर न करता हळूच म्हणाले,

“वयनी, काहून रडून राहिल्या? सारे जेवले. माह्या काढ्यावर भरोसा ठेवून धावणारं माणूस आजवर भेटलं न्हाई मला. तुमीच पहिल्या.”