घरात कोणी नाही

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, की घरातल्या बाकीच्यांनाही विलगीकरणात न्यायला बस येतेय. मी माझे आणि सासूबाईंचे कपडे भरले. त्यांनी आपले काढून पुन्हा कपाटात ठेवले.

त्या ज्यू. लहानपण हंगेरीतलं. युद्धात ज्यूंना पकडून नेत होते, तेव्हा आईने त्यांना लपवलं आणि शिपाई आईला घेऊन गेले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढे लंडनला शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाशी लग्न करून त्या इथे आल्या आणि भाजीवाल्याशी वऱ्हाडीत भांडण्याइतक्या इथल्या झाल्या. जुनं काही विचारलं की मात्र उठून कामाला लागत.

"मले नेऊ देऊ नको वं," त्या म्हणाल्या.

मी चिडले. ही आरोग्य खात्याची माणसं आहेत, या वयात तुम्हाला काही झालं तर तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू, असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सामानाच्या खोलीत गव्हाच्या कोठीमागे जाऊन बसल्या. गुडघे धड वाकत नाहीत, आणि खाली फरशीवर. मला रागही येत होता आणि रडूही. उकाडा होता म्हणून कूलर तेवढा त्या खोलीत नेऊन लावला.

बस फाटकाशी थांबली. पांढऱ्या पोशाखातल्या मुलीने विचारलं, घरात आणखी कोण?

"कोणी नाही," मी म्हणाले. सासूबाई पुण्याला लेकीकडे अडकल्यात, असंही ठोकून दिलं.

तिने आत पाहिलं. "मग त्या खोलीत कूलर काहून चालू हाय?"

बंद करायचा राहिला म्हणत आत जाऊन मी बटण दाबलं. घर एकदम शांत झालं. कोठीमागून श्वासही ऐकू येईना. शेजारणीला फोन करून लक्ष ठेवायला सांगू, असं ठरवून मी दार नुसतं लोटलं आणि बसमध्ये चढले.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई भर उन्हात अनवाणी चालत आल्या. त्या मुलीकडे बघायची मला लाज वाटली. त्या माझ्याशेजारी बसल्या, माझा हात घट्ट धरला.

"आईनंही हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "घरात कोणी नाही म्हणून. तिले घेऊन गेले, अन् मी आवाज नाही केला. आज मले नाही जमलं वं."