कवडीचा लेक

रामाजी सोनाराने सोन्याची तार दिव्यावर धरली, तेव्हा देवकी चुलीपाशी तेल कोमट करत होती. तिच्या तान्ह्या लेकाचं नाक टोचायचं होतं.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराची गोष्ट. नागपुरात, पाचपावलीच्या कोष्ट्यांत रिवाजच होता तो. एक पोरगा गेला की पाठचा जगावा म्हणून त्याचं नाक टोचायचं. नाकात वाळी दिसली की काळ फसतो, पोरगी समजून पुढच्या घरी जातो. म्हणून तर गल्लीगल्लीत नथीवरून नाव पडलेला एकेक नत्थू होता. काळ एवढा भोळा असता तर आणखी काय हवं होतं!

देवकीचा थोरला रांगता रांगता उंबऱ्यावर पडला होता. जीभ दातांखाली सापडली, एवढंच निमित्त. हळद झाली, तुरटी झाली, अंगारा झाला. रक्त काही थांबलं नाही. दृष्ट लागली, असं घरात सगळे म्हणाले. देवकीला खरं ठाऊक होतं. तिचा भाऊ दुधाचा दात पडल्यावर असाच गेला होता आणि त्याच्याआधी तिचा मामा. पोरींना काही होत नसे. माहेरी हे कोणी बोलत नसे, कारण बोललं तर त्या घरच्या पोरी कोण करून नेणार? लग्न ठरल्यावर आईने तिला एकच शिकवण दिली होती, तोंड मिटून राहा.

आता तोंड उघडावं तर सासर जाणार होतं आणि न उघडावं तर पोरगा.

"तेल आन वं, देवके!" सासूची हाक आली. रुखमाबाई बाळाला मांडीवर घट्ट धरून ओट्यावर बसली होती. बाई मोठी कडक. ती नुसती खोकली तरी आत मागावर बसलेला तिचा लेक देवराव, म्हणजे देवकीचा नवरा, पाठ ताठ करी.

देवकी वाटी घेऊन आली. रामाजीने बाळाची नाकपुडी चिमटीत धरली. बाळ तारेच्या चमकेकडे पाहून हसलं. ते हसणं काही तिला सोसलं नाही. वाटी तिथेच सांडली आणि तिने पोरगा सासूच्या मांडीवरून ओढून घेतला.

"काहून वं? येड लागलं का तुले?"

"टोचू नका, आत्याबाई. याचं रगत थांबनार नाही."

"कोनं सांगतलं तुले?"

"माह्या भावाचं थांबलं नाही. मामाचंबी नाही. थोरल्याचं तं तुम्ही पायलंच." तिने पोराला छातीशी घट्ट धरलं. "नजर नाही लागली त्याले. माह्या माहेरचं रगत लागलं."

आतली मागाची खटखट बंद पडली. देवराव दारात आला, त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. रामाजीने तार पुडीत गुंडाळली. सोनार असला तरी माणूस शहाणा होता.

रुखमाबाई सांडलेलं तेल फडक्याने पुसून घेऊ लागली. देवकीने मनातल्या मनात बोचकंसुद्धा बांधलं.

"माहीत होतं, अन् तू चूप राहिली," सासू म्हणाली. "थोरला गेला तवाबी."

देवकीने मान खाली घातली.

म्हातारी उठली, देवघरातली कवडी घेऊन आली आणि सुनेच्या तळहातावर आपटली. काळाला चकवायचा हा दुसरा रिवाज. मूल कवडीला विकलं की ते त्या आईचं राहत नाही.

"इकत घेतला मी त्याले. नाक टोचाचं काम नाही आता. तुह्या माहेरचा नाही तो, माहा लेक हाय, तुह्या नवऱ्याचा भाऊ. कवडू म्हनाचं त्याले. अन् तो तुले आई म्हननार नाही, वहिनी म्हनंल. समजलं?"

ही शिक्षा होती की दया, हे देवकीने कधी विचारलं नाही. पोरगा तिच्याच कुशीत झोपत होता.

कवडू चालायला लागला तेव्हा तिने मागावरच्या तुटक्या सुताची गादी शिवून त्याच्या गुडघ्यांना बांधली. अंगणातला खडा न् खडा वेचला. आतल्या आत रक्त साकळून गुडघा भोपळ्याएवढा सुजला की ओली पट्टी ठेवून ती त्याचा पाय मांडीवर धरून बसे, हलू देत नसे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, जपा. जपणं तर चालूच होतं. एक वैदू जळवा लावायला आला, तर रुखमाबाई झाडू घेऊन चौकापर्यंत त्याच्या मागे धावली.

कवडू सहा वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी बैल ओढता ओढता पडला. बैलाचं शिंग ओठात घुसलं.

देवकीने त्याला मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने ओठ दाबून धरला. फडकं लाल झालं की वरून दुसरं; बोट मात्र उचलायचं नाही. रुखमाबाई त्याचे पाय धरून बसली. दिवेलागण झाली तरी रक्त झिरपतच होतं. पोरगा पांढरा पडत चालला. त्याने डोळे उघडून देवकीकडे पाहिलं, आणि तिच्या बोटांखाली ओठ हलले.

"आई..."

हा शब्द ऐकायला तिचा जीव किती वर्षं तरसला होता, ते तिलाच ठाऊक. सासूनेही ऐकला. म्हातारीचे डोळे भरून आले.

"म्हनू दे वं त्याले," ती म्हणाली.

"नाही, आत्याबाई." देवकीने फडकं आणखी घट्ट दाबलं. "चूप राह्य, कवडू. एक शब्द बोलू नको. रगत येते."

तो बोलला नाही. पहाटे रक्त थांबलं. उन्हं अंगणात आली तेव्हा पोराने डोळे उघडले आणि सुजल्या ओठांनी तो म्हणाला, "वहिनी, पानी दे."

देवकीने पाणी दिलं.