जुना सर्व्हर वाढवताना

आमच्या छापखान्याच्या कोपऱ्यात जुन्या सर्व्हरचा काळा डबा वर्षानुवर्षं घुरघुरत होता. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्याच्या पोटात. आज सकाळपासून ते सगळं नव्या सर्व्हरवर नेण्याचं काम चाललं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. म्हातारा मध्येच थांबला असता तर? पण त्याने शेवटची फाइलसुद्धा सुखरूप पोचती केली.

हे काम करायला आलेल्या सामंतांनी विचारलं, “आता जुना बंद करू?”

पत्रिकांची डिझाइनं करणाऱ्या आमच्या शैलाताई टेबलावरून कडाडल्या, “बंद काय म्हणता? वाढवा म्हणा!”

सामंत हसले. मी मात्र डब्याकडे बघत राहिलो. त्याच्या कपाळावर दर दसऱ्याचं कुंकू थरावर थर साचलं होतं. याचे आभार मानायचे कसे, हे मला सुचत नव्हतं. शैलाताईंनी नेमका शब्द दिला. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळसुद्धा वाढवतो. संपण्याच्या जागी वाढीचा शब्द ठेवणारं ते कोण शहाणं माणूस असेल! आणि खोटं तरी काय त्यात? थांबण्याआधी हा डबा शेजारच्या नव्या डब्यात वाढलाच होता की.

सामंतांनी बटण दाबलं. घुरघुर थांबली. शैलाताईंनी हात जोडले, मीही जोडले.

तेवढ्यात सामंतांना त्यांच्या ऑफिसातून फोन आला. “हो, नवा चालू झाला,” ते म्हणाले. मग डब्याकडे बघून जरा घुटमळले.

“जुना... वाढवला.”